भंगारात आलेली गाणारी बाई

मी येवल्याकडची, बापाघरी पैठणीचा माग होता, पण मला त्याच्यावर बसायचं कधी जमलं नाय, आणि लगीन होऊन नाशिकरोडला आले तर इथं भंगाराचं दुकान. काय सांगू तुम्हाला, लोकांच्या घरातलं मोडकंतोडकं निवडण्यातच जन्म गेला. वाईट नाय वाटत. सवय हाय.

तर देवळालीकडच्या एका जुन्या बंगल्यातून गोल चपटे डबे आले, गंजलेले, आत सिनेमाची पट्टी, वास असा उग्र का डोक्यात जाईल. मी तुकडा उन्हात धरला तर टोपीवाली गोरी बाई, तोंड उघडं, पुढच्या चित्रात बी उघडं, त्याच्या पुढच्यात बी. आमच्या मालकांना, म्हंजी नवऱ्याला, म्हणलं, अहो, ही गाणं म्हणती वाटतं. ते म्हणले, म्हणू दे, डबे लोखंडात जातील न पट्टी प्लास्टिकात. आता प्लास्टिक कुठलं ते आम्ही काडी लावून बघतो, तशी त्यांनी त्या तुकड्याला काडी लावली. भप्पकन पेटलं हो! पाणी ओतलं तरी इझंना. मालकांचा हात मनगटापर्यंत भाजला.

ते दवाखान्यात, डबे दुकानात. शेजारी म्हणले पुरून टाका. मला भ्याव वाटत होतं, पण पुरून टाकवंना बी. पोरीला म्हणलं, विचार कुणाला तरी. तिच्या कॉलेजातल्या मॅडमनी जुने सिनेमे जपणारी माणसं धाडली. ते म्हणले, मावशी, सिनेमा नुकता बोलायला लागला तेव्हाचा हा विलायतेतला, गाण्यांचा, हसायचा. त्या काळची पट्टी दारूगोळ्यावानी पेटती. निम्मा सडलाय, निम्मा वाचंल.

पुढं त्यांनी तो नव्यानं उतरवून घेतला न दाखवायला बोलावलं. मालक म्हणले, माझा हात जाळला त्यानं, आता मी टाळ्या वाजवू का? तरी आले. ती बाई हॉटेलात कामाला, गात गात फरशी पुसती, आणि तिचा जाडा मालक त्याच फरशीवरून घसरून बशांसकट खाली. बोलणं एक कळंना, पण आमचे मालक असे हसले, असे हसले, दवाखान्यातून आल्यापासून मी त्यांना हसताना पाह्यलंच नव्हतं. मी पडदा सोडून त्यांच्याकडंच बघत बसले.

मग मधीच पडदा पांढरा. पुढची पट्टी सडलेली. त्या बाईवर एक पोस्टमन जीव लावून होता, त्याचं काय झालं कुणालाच ठाऊक नाय.

मालक म्हणत्यात, त्यांचं लगीन झालं. मी म्हणते, नाय, ती गाणं शिकायला मोठ्या शहरात गेली. आजबी गिऱ्हाईक नसलं का आम्ही दोघं यावरून भांडतो. बसा, चहा घ्या. आणि तुम्हीच सांगा, काय झालं असंल तिचं?