अंतरपाटाची मागची बाजू

मी मूळचा इचलकरंजीचा. आमच्या घरात सुईदोरा फक्त बटण तुटलं की निघायचा, तेव्हा हे भरतकामाचं वेड रक्तातून आलं असं कुणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका, ते शिक्षेतून आलं. सातवीत चेंडूमागं धावताना मी शाळेच्या बागेतले मुळे तुडवले, आणि बाईंनी मला बागकामातून काढून मुलींच्या भरतकामाच्या तासाला बसवलं, म्हणाल्या, तिथं तरी एका जागी बसशील. बसलो. दुसुतीच्या कापडावर फुल्या फुल्या घालत जायचं, म्हणजे तुमचं ते क्रॉस स्टिच, आणि काय सांगू तुम्हाला, महिन्याभरानं बागेत परत चल म्हणून बोलावणं आलं तर मीच जाईना. पोरांनी मला दहावीपर्यंत ताई म्हटलं.

पुढं डिप्लोमा, मग पुण्यात नोकरी, आणि तिथून इकडं जर्मनीत बॉबलिंगेनला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तपासणी खात्यात. म्हणजे लोकांच्या चुका पकडायच्या, केसाएवढा फरक दिसला की माल परत, सव्वीस वर्षं हेच. दुसऱ्याची चूक मला दहा पावलांवरून दिसते. स्वतःची दाखवायला फ्राऊ क्लाइन लागतात.

त्या कोण ते सांगतो. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा सहा आठवड्यांची क्रांकश्राइबुंग, म्हणजे आजारपणाची रजा, मिळाली, घरी बसून बसून मी आमच्या हिच्या फोडणीची तपासणी करायला लागलो, तर ती म्हणाली, अहो, एक तर तुम्ही सुई हातात घ्या, नाही तर मी लाटणं घेते. गावात दर गुरुवारी भरतकाम करणाऱ्या बायका जमतात, तिथं तिनंच मला नेऊन सोडलं. अकरा आज्या आणि मी. फ्राऊ क्लाइन त्यांच्यातल्या थोरल्या, ऐंशीच्या पुढच्या, बोलणं कमी, नजर माझ्या कारखान्यातल्या यंत्रापेक्षा बारीक. तिथं मी आठ वर्षं चित्रं भरली. गणपती भरला, घराजवळचं चर्च भरलं, सगळी काच लावून भिंतीवर. भिंत बिचारी पाठीमागून काय दिसतं याची तक्रार करत नाही, हे ध्यानात ठेवा.

तर आमची एकुलती ईशा, बॉनला नोकरी करते, तिनं जोनासशी लग्न ठरवलं. मुलगा गुणी, पुरणपोळी दुधात कुस्करून खातो. लग्न मराठी पद्धतीनं, मंगलाष्टकांसकट, हा हट्टही त्याचाच. अंतरपाट माझा भाऊ येताना आणेल, असं ही म्हणाली. पण त्यावर स्वस्तिक असतं, आणि या देशात ते जोनासच्या आजीसमोर धरायचं म्हणजे पहिल्या मंगलाष्टकाआधीच मांडव रिकामा. मी जेवणाच्या टेबलावर जाहीर करून टाकलं, अंतरपाट मी भरणार, मधे कळस, दोन्हीकडं मोर, आणि कडेनं जोनासच्या गावच्या द्राक्षांची वेल. ही म्हणाली, अहो, लग्न मे महिन्यात आहे, कुठल्या वर्षीच्या ते एकदा ठरवून घ्या.

नक्षी मी कॉम्प्युटरवर आखली, एक चौकट म्हणजे एक टाका, सत्तावीस हजार टाके भरले. सप्टेंबरात सुरुवात केली. जेवणाच्या सुट्टीत भरायचो, एस-बान लोकलमध्ये भरायचो, आणि एकदा मांडीवर घेऊन भरताना डावा मोर पँटीसकट शिवला, स्टेशनवर उठलो तर अंतरपाट माझ्याबरोबर लोंबत निघाला. समोरच्या बाईंनी कात्री दिली आणि माझं वय विचारलं. नक्षी एका घरानं सरकली म्हणून उजव्या मोराची मान दोनदा उसवली, ते वेगळंच.

मार्चमधल्या एका गुरुवारी काम जवळजवळ झालं होतं. मी मंडळात अंतरपाट पसरला आणि ऐटीत समजावून सांगायला लागलो, की हा दोघांच्या मधे धरतात, मंगलाष्टकं होईपर्यंत त्यांनी एकमेकांना बघायचं नाही, नुसतं या कापडाकडं बघायचं. फ्राऊ क्लाइन ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, एक जण या बाजूला उभा राहणार ना? मी म्हटलं, गेनाऊ, अगदी बरोबर. मग दुसरं माणूस कुठं? मी म्हटलं, पलीकडं. त्यांनी कापड हळूच उलटं केलं. गाठी, लोंबणारी टोकं, मोराच्या मानेपासून कळसापर्यंत आडवा ओढलेला निळा दोरा, जणू मांजर लोकरीत लोळून गेलं. अकराही जणी पुढं वाकल्या. फ्राऊ क्लाइननी चष्मा चढवला, पुन्हा नीट बघितलं आणि म्हणाल्या, आहा, म्हणजे आपलं अस्सं.

घरी आलो ते तोंड पाडून. ही म्हणाली, ब्लाउजला लावतात तसं अस्तर लावा की. लावून बघितलं, उजेडासमोर धरलं तर आतल्या सगळ्या गाठी एक्स-रेसारख्या दिसायला लागल्या. दुसरा भरायला उरले सात आठवडे, आणि मला एक भरायला सहा महिने लागलेले. लेकीच्या लग्नातली ती मोलाची पाच मिनिटं, आणि दोघांपैकी एकाच्या डोळ्यांपुढं बापाचा गबाळेपणा टांगायचा, या विचारानं मला अन्न गोड लागेना. शेवटी ठरवलं, हिच्या भावाला सांगू, साधं पांढरं धोतर आण.

शनिवारी ईशा आली, तिला सगळं सांगून टाकलं. ती लहानपणापासून मराठी ऐकते आणि जर्मनमध्ये उत्तर देते. तिनं अंतरपाट उलटा केला, खिडकीपाशी नेला, खूप वेळ बघितला, मी आपला आरोपीसारखा उभा. मग म्हणाली, बाबा, पुढची बाजू जोनासला द्या, त्याला तुम्ही अजून नीट माहीत नाही. मागची मला. मी ती आधीच ओळखते. आणि हे ती मराठीत म्हणाली हो, चुकत माकत, पण मराठीत. आमच्या हिनं डोळ्याला पदर लावला आणि वर मला म्हणाली, बघा, पोरीनं तुमचीच तपासणी करून तुम्हाला पास केलं.

लग्नात तसंच झालं. जोनास पलीकडं मोर बघत गंभीर उभा, अलीकडं नवरी ईशा, हातात हार, डोळ्यांनी तो निळा दोरा इकडून तिकडं शोधत, आणि तिसऱ्या मंगलाष्टकाला तिला जे हसू फुटलं ते आवरेना. भटजींनी दोनदा खाकरून बघितलं. पलीकडून जोनासही हसायला लागला, कशाला ते ठाऊक नसताना.

आता तो अंतरपाट बॉनला त्यांच्या घरी स्वयंपाकघराच्या दाराला पडद्यासारखा लावलाय. पाहुणे आले की जोनास त्यांना आधी मागची बाजू दाखवतो, माझं नाव घेऊन. दाखवू दे. माझा दोघांना भरभरून आशीर्वाद आहे, भांडा, हसा, नांदा, फक्त बाबांनो, हळदीचे हात पुसून त्या दारातून जा.