रिलीव्हर आल्याशिवाय

...अन् वरून मले म्हणते, "बाबा, डिसिप्लिन पायजे!" मले! छत्तीस वर्षं स्टील प्लँटमधी, रोलिंग मिलमधी, तीन पाळ्या केल्या त्या आनंदरावले! बसा हो, बसा, टाइल्स काय पळून जाऊन राहिल्या का? पुंडलिक येईनच आता, माहा साळा, त्याचंच दुकान होय हे, तो आला का दाखवीन तुमाले सगळ्या डिझाइनी, मले त्यातलं काही समजत नाही. तवरीक ऐका. डिसिप्लिन म्हणे मले शिकवते!

कोण? माहा पोरगा, पियूष! वय एकतीस, शिकला इंजिनियर, हुडको कॉलनीतल्या आमच्या घरी वरच्या खोलीत राहते अन् धंदा काय? पत्ते! पत्ते म्हटलं का त्याले राग येते. "पत्ते नाही बाबा, पोकर. मी प्रोफेशनल हाय." पाहुणे विचारतात पोरगा काय करते, तर शालू, माही बायको, सांगते, "कम्प्युटरवर हाय." खोटं नाही, कम्प्युटरवरच होता! तीन वर्षं बरा चालला, आईले फ्रिज घेऊन देल्ला, अन् मंग एका पावसाळ्यात सारं बुडवून खाली आला. फ्रिज तेवढा उरला.

आता तुमाले सांगतो, बुडाला का माणूस काय करते? नोकरी पाहते ना? यानं भिंतीवर चार्ट लावला! वरतं मोठ्या अक्षरात 'रीबिल्ड', खाली सात नियम. पाच वाजता उठायचं, थंड्या पाण्यानं आंघोळ... जानेवारीत! मले तर तिथंच हासू आलं, पुढचे नियम मी वाचलेच नाही. मंग हा डोळे मिटून बसते, मंग डायरी लिहिते, मंग मोबाइलवर कोणी इंग्रजी माणूस ओरडते, "यू आर अ विनर!" अन् हा मान हालवते. मंग कम्प्युटरवर फुकटच्या चकत्यांनी, खोट्या पैशानं, खेळते. फुकटच्या कावून? तर पैशाचा ऑनलाइन खेळ सरकारनं बंद केला म्हणे! मी विचारलं, "काय बे, जिंकला का?" तर म्हणे, "बाबा, रिझल्ट नाही पाहायचा, प्रोसेस पाहायची." प्रोसेस! मी जर आमच्या फोरमनले सांगतलं असतं का साहेब, आज माल काहीच नाही निघाला, पण प्रोसेस भलती चांगली झाली... त्यानं मले गेटपर्यंत पळवलं असतं! डिसिप्लिन म्हणे मले शिकवते!

डिसिप्लिन काय असते ते मी सांगतो. मिलमधी एकच कायदा, रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडायची नाही. पाळी संपली, पोटात कावळे ओरडून राहिले, पाय दुखून राहिले, काही असो, दुसरा माणूस तुमच्या जागेवर येऊन उभा राहत नाही तवरीक तुमी हालायचं नाही म्हणजे नाही. एकदा माहा रिलीव्हर आलाच नाही. मी सलग दुसरी पाळी केली, घरी आलो तर हा पियूष जन्मून नऊ तासांचा झाला होता! शालूनं मले अजून माफ नाही केलं. पण जागा सोडली का मी? नाही सोडली!

तर म्हटलं, याले आता आपणच लायनीवर आणू. प्लँटच्या भाषेत नोटीस टाइप केली अन् त्याच्या चार्टच्या बाजूले चिपकवली. 'दसऱ्यापूर्वी या घरातील जी कोणी व्यक्ती सदर सात नियम मोडील अगर मोडण्यास भाग पाडील, तिला कुरुद येथील टाइल्सच्या दुकानात बसावे लागेल. सर्वांस लागू.' नाव टाकलं नाही. नोटिशीत नाव टाकतच नसतात, छत्तीस वर्षांची सवय होय ती! पियूषनं वाचली, सही केली अन् म्हणे, "बाबा, बारावीच्या पोरांच्या ट्यूशन घेऊन जमवलं तेवढं घेऊन गोव्याले जातो. तिथं खऱ्या पैशाचा खेळ हाय. ते टिकलं तर माहा धंदा उभा राहिला. नाही तर टाइल्स." त्याचे डोळे पाहून, खरं सांगतो, मले गलबलून आलं. म्हटलं, "जा. पण एकटा नाही जायचं. सुपरवायझर सोबत येईन!"

गेलो बाप्पा! डब्यात शालूचे मेथीचे पराठे, अन् समोर तो कॅसिनो, दिवसाढवळ्या आतमधी अंधार अन् लाइटी! अकरा वाजता पियूष टेबलावर बसला, मी मागं उभा. अन् काय पाहतो? हा पत्ता घेते, पाहते, फेकते. घेते, पाहते, फेकते. तासाभरात एखाद्या टायमाले खेळते. हे काय काम होय? पण चकत्यांची ढिगारी हळूहळू वाढून राहिली होती, ते मानतो. अन् बरोबर तीन वाजता घड्याळ टुकटुक वाजलं अन् हा चक्क उभा राहिला!

"कुठी चालला बे?"

"चार तास झाले बाबा. पाचवा नियम हाय. जिंकत असो का हरत असो, चार तासांनी उठायचं."

"अन् तुह्या जागेवर कोण बसन?"

"कोणी बी बसन."

"कोणी बी? रिलीव्हर कुठी हाय तुहा? जागा खाली टाकून जाते? पियूष, तुह्या बापानं जिंदगीत असं काम नाही केलं!"

माहा आवाज भोंग्यासारखा, सारे वळून पाहाले लागले. समोर एक गॉगलवाला बसला होता, गळ्यात ही मोठी चेन, सकाळपासून तोच जास्त हारून राहिला होता. तो म्हणे, "बैठ ना भाई! अंकल एकदम सही बोल रहे हैं! आजकल के बच्चों में डिसिप्लिन ही नहीं है!" साऱ्या टेबलानं माना हालवल्या. म्हटलं, पाहा, परमुलखात माणसाची कदर हाय! मी पियूषच्या खांद्यावर हात ठेवला अन् दाबून बसवला. अन् तो बसला. बाप होय ना मी...

साडेपाचले सारं संपलं, एक चकती नाही उरली, साऱ्या त्या गॉगलवाल्यापुढं. तो गॉगलवाला उठला, माह्याकडे आला अन् माह्या पाया पडला हो! माह्या!

 परतीच्या गाडीत राजनांदगाव गेलं तवा पियूष हळूच म्हणे, "बाबा, मले खेळता येत नव्हतं म्हणून मी नव्हतो बुडालो. मले उठता येत नव्हतं. वर्षभर मी फक्त उठणंच शिकून राहिलो होतो." तुमाले सांगतो, तवा अशी लाज वाटली मले, वाटलं आपलं दुर्ग ठेसन येऊच नये.

घरी शालूनं सारं ऐकून घेतलं, अन् काय म्हणे? "पोरगा जन्मला तवा यायले सुट्टी नाही भेटली, पोरगा बुडाला तवा मात्र टायमावर हजर!" दसऱ्याले दीक्षाभूमीवर जाऊन आलो, मले वाटलं विसरली असन. कशाची विसरते! दुसऱ्या दिवशी भिंतीवरची नोटीस काढून माह्या हातात देल्ली. "वाचा. जोरात वाचा." वाचली. 'मोडण्यास भाग पाडील. सर्वांस लागू.' टाइप मीच केलेली! तवापासून इथं बसून राहिलो.

अन् पियूष? तो आजही पाच वाजता उठला, थंड्या पाण्यानं आंघोळ केली, ट्यूशनले गेला. पुढच्या वर्षी जाईन म्हणते गोव्याले. चार्टवर त्यानं आठवा नियम लिहिला, 'बाबाले सोबत न्यायचं नाही.' मी किती विनवण्या केल्या, म्हटलं, तोंड उघडणार नाही, नुसता पराठे धरून उभा राहीन. नाही म्हणजे नाही! हाय बाप्पा, हाय त्याच्यात डिसिप्लिन, मानलं...

काय म्हणता? पुंडलिक? तो अकरा वाजता "भाऊजी, दहा मिनिटं बसा, जेवून येतो" म्हणून गेला, साडेचार होऊन राहिले आता. शटर पाडून घरी जा म्हणता? मले समजत नाही का? भूक मलेही लागली हाय. पण कसा जाऊ सांगा... रिलीव्हर कुठी आला?