मुठीवरची चिंधी

शिलाई कारखान्यातल्या जुन्या वस्तू संग्रहालयासाठी घेतल्या जात होत्या. रांगेत माझ्यापुढे सासू-सून उभ्या होत्या.

"सासूबाई, कात्री बघा, कशी लखलखीत केलीय!"

"मुठीवरची चिंधी कुठाय गं?"

"ती कळकट? काढली."

"अगं, सगळ्यांच्या कात्र्या सारख्याच असायच्या. ज्या त्या बाईनं आपल्या घरची चिंधी गुंडाळायची, म्हणजे अदलाबदल नको."

"मग आपली चिंधी कुणाची?"

"देश सोडताना आईनं पदर फाडून दिलेला. टाकलीस ना?"

"नाही हो. तिनंच तर कात्री पुसली. ही घ्या."

"नशीब माझं! तेलात बुडवलीस की."

"द्या, मी गुंडाळते. कशी?"

"अंगठ्यापाशी जाड. तिथं घट्टे पडायचे."

"पुढचं कोण?" खिडकीतून हाक आली.

सासू माझ्याकडे वळल्या. "तुम्ही व्हा पुढे. आमची कात्री अजून तयार नाही."