फ्लॉपीला विभूती

माझं गाव मलप्रभेच्या काठाला, रामदुर्गाच्या पलीकडं. इथनं जायचं म्हटलं की आख्खा दिस मोडतो, बेळगावला गाडी बदला, पुढं परत बदला, आणि शेवटचं चालत. तिकडं मराठी कुणाला येत न्हाय, कळतबी न्हाय. माझे आप्पा मठात स्वयंपाकी होते. आमच्याकडं मठात येईल त्याला जेवण असतंय, त्याला दासोह म्हणत्यात, तर त्या दासोहाच्या चुलीवर आप्पांनी जन्म काढला आणि धुरानं डोळे घालवले. मी थोरला. नववीत होतो, कन्नड शाळेत, गणितात बरा होतो, मास्तर घरी येऊन म्हणाले ह्याला शाळेतनं काढू नका. अव्वा, म्हंजी माझी आई, म्हणाली, न्हाय काढत मास्तर, ह्या धाकट्यांनी काय खायचं तेवढं सांगून जावा. मास्तर पाणी पिऊन गेले. चांगला माणूस होता, त्याला तरी काय सांगता येणार.

मग मठातल्या एकानं ओळख काढली, कोल्हापुरात आमच्या समाजाचं बोर्डिंग हाय, खेड्यापाड्यातली पोरं तिथं ऱ्हाऊन कॉलेज शिकत्यात, त्यांच्या स्वयंपाकघरात माणूस पायजे. नव्वद सालाच्या पुढंमागं असंल. आलो. पयल्या दिवशी कणीक मळायला लावली, ती आजपत्तुर मळतोय म्हणा की.

काय सांगू तुम्हाला, कामाचं काय वाटलं न्हाय, काम आप्पांच्या हाताखाली केलतं. जीव गेला तो बोलण्यात. आमच्या भाषेत माणूस सोडला तर सगळं ‘ते’च, भाकरी ते, चूल ते, म्हैस ते. आणि इथं भाकरी बाई, भात बुवा, पिठलं कोण न्हाय! मी म्हणायचा भात झाली, आमटी झाला. पोरं मुद्दाम इचारायची, अण्णा, भात आला का आली? आणि मी चुकलो की सगळी पंगत हसायची. वाईट पोरं न्हवती ती, वयच तसलं. खरं मी बोलणं कमी केलं. नुसतं वाढायचं. आणिक एक गंमत, इथं परक्या माणसाला पावणं म्हणत्यात. काय पावणं, सरा की पावणं. आमच्याकडं पावणेर म्हंजी घरी आलेला पाव्हणा, दोन दिस ऱ्हाणार आणि जाणार. तर मला वाटायचं ही गावातली माणसं मला सारखी आठवण करून देत्यात, बाबा तू इथला न्हवंस, कवा जाणार? भाजीवालाबी तेच, सायकलवालाबी तेच. कैक वर्षं मी हे मनात धरून बसलोतो, इचारणार कुणाला.

बोर्डिंगचे रेक्टर सर होते, त्यांच्या हे ध्यानात आलं असावं. त्यांनीच सतरा नंबरचा फॉर्म भरून घेतला, म्हंजी शाळेत न जाता बाहेरनं दहावीला बसायचं. मराठी माझी कशी, तर काठावर, गणितानं वर काढला. सर म्हणाले, आता अकरावीला जा, सकाळचं कॉलेज हाय, नाष्टा उरकून जात जा, मी बघतो इकडचं. त्या माणसाचे उपकार मी किती सांगू. पँट त्यांनी दिली, त्यांची जुनी, कमरंला मोठी व्हायची.

गेलो. मागच्या बाकावर बसलो. चार दिस बरं गेलं. मग एका सकाळी आमच्याच बोर्डिंगचा एक पोरगा वर्गात आला, मला बघितलं आणि मोठ्यानं म्हणाला, अण्णा, डबा आणलाय व्हय? त्याच्या मनात काय न्हवतं बघा. त्याला खरंच वाटलं मी कुणाचातरी डबा घेऊन आलोय. दुसरं काय वाटणार, मी तिथं बसलेला असंन असं कुणाच्या डोक्यात येईल? वर्ग माझ्याकडं बघायला लागला. मी म्हटलं, व्हय, आणलाय की. आणि उठलो, आणि भाईर आलो, आणि चालत बोर्डिंगात येऊन भाजी चिरायला बसलो. सरांनी इचारलं काय झालं, मी म्हटलं जमत न्हाय सर. त्यांनी लई समजावलं. मी न्हाय म्हणजे न्हायच.

मधली वर्षं अशीच गेली. अव्वाशी बोलायला एसटीडीच्या डबड्यात जाऊन उभं ऱ्हायचं, तिकडं दुकानात फोन लागायचा, दुकानदार पोराला पाठवून तिला बोलवायचा, ती येऊस्तोवर मी हिकडं नुसता कानाला लावून उभा. ती आली की म्हणायची, जेवलास का. मी म्हणायचा जेवलो. मग दोघंबी गप. खरं ते गप बसणंसुद्धा कन्नडमधलं असायचं, तेवढंच बरं वाटायचं.

मग बोर्डिंगच्या हापिसात कॉम्प्युटर आला. कारकुनाचा आणि त्याचा छत्तीसचा आकडा. मी दुपारची भांडी झाली की तिथं जाऊन बघत उभा ऱ्हायचा, आणि हळूहळू बसायला लागलो. सरांनी एकदा बघितलं. माझं नाव घेऊन म्हणाले, बसाप्पा, आता तरी शीक. आता मुक्त विद्यापीठ हाय, घरी बसून पदवी मिळती. बी. ए. कर, इतिहास घे, सोपं जाईल तुला. मी म्हटलं, कॉम्प्युटरचं न्हाय का. ते म्हणाले, हाय, खरं पुस्तकं इंग्रजी, सांगायला रोज कोण न्हाय, एकट्यानं घासायचं, लोक मधनंच सोडत्यात. इतिहासाला निदान मी तरी हाय. मी म्हटलं सर, इतिहास मराठीत लिवायला लागणार. कॉम्प्युटरात भात आला का आली हे कोण इचारत न्हाय. सर हसले. म्हणाले, आणि बारावी झालेली न्हाय तर पूर्वतयारीची परीक्षा आधी द्यावी लागंल. मी म्हटलं देतो. त्याला नाव बघा काय, दूरशिक्षण. लोकांना दूर म्हटलं की भ्या वाटतं. मला बरं वाटलं. तिथं बाक न्हाय, वर्ग न्हाय, कोण वळून बघणार न्हाय. दूर ऱ्हायाची मला सवयच होती की.

तर अशी मी निवड केली. आणि तिचीच शिक्षा झाली म्हणा, का काय म्हणा. कारण मग खरंच कोण न्हवतं. आयतवारी अभ्यास केंद्रात जायचं, माडीवर कॉम्प्युटरची खोली, शिकवायला सर यायचे, त्यांनाबी चार ठिकाणं करायची असायची, सांगून भराभर जायचे. बाकीची माणसं नोकरीधंद्याची, कोण इचलकरंजीच्या मागावरनं पाळी संपवून थेट आलेला, डोळे तांबडे, कोण गगनबावड्याचा, पावसात घाटाखालची गाडी बंद झाली की महिनाभर पत्ता न्हाय. सही करून जायचे. अडलं तर इचारायचं कुणाला? पुस्तकाला. ते तर तेच तेच सांगतंय. मशीन म्हणायचं एरर, मी म्हणायचा कुठं, ते म्हणायचं एरर. एका कॉमासाठी मी अख्खा आयतवार बसलेला हाय.

त्या खोलीची किल्ली आसिफभाईकडं असायची. इथला पिढ्यान्‌पिढ्याचा माणूस, तोंड लई फाटकं, आवाज असा की रस्त्यावर ऐकू जावा. मशीन दुरुस्त करायचा, पंखे बंद करायचा, शिकवायचा संबंध न्हाय. मला बघितलं की, आलं का पावणं, बसा, आज काय जाळताय? मला ते लागायचं. एकदा त्याचा सख्खा मेव्हणा आला, त्यालाबी म्हणाला काय पावणं, मग दुरुस्तीचा माणूस आला त्यालाबी पावणं, मग दारात कुत्रं आलं तर त्यालासुद्धा म्हणाला, चला पावणं, भाईर. तवा मला समजलं की ह्या गावाचं बोलणंच हाय ते. त्या दिवशी मी एकटाच खोलीत बसून हसलो. एवढी वर्षं फुकट दुखवून घेतलंतं.

शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट असतोय. मी केला खाड्यांचा. खाडा म्हंजी पोरगं गावाला गेलं, जेवायला न्हाय, तर तेवढं पीठ कमी भिजवायचं. रोज किती माणसाचं जेवण टाकायचं हे मशीनच सांगंल असा प्रोग्राम लिवला. चालला. कागदावर छापून घेतला, त्या कडंला भोकं असलेल्या लांब कागदावर, आणि फ्लॉपीत भरला. दसरा झाला की दुसऱ्या दिवशी परीक्षक येणार, फ्लॉपी लावून चालवून दाखवायची, न्हायतर वर्ष गेलं. आणि माझ्यात परत वर्ष घालायचा जीव राहिला न्हवता, हे सांगतो. त्या वर्षी गेलं असतं तर माझं शिक्षण सुटलं असतं कायमचं.

आणि खंडेनवमी आली. स्वयंपाकघरात सगळी हत्यारं मांडली, विळी, उलथणी, झारे, पिठाचं मशीन. आमच्यात विभूतीशिवाय काय चालत न्हाय. भस्म पाण्यात कालवायचं आणि तीन बोटं ओढायची. कढईला ओढली, विळीला ओढली. मग म्हटलं, आता माझं हत्यार कुठलं? आणलं, पाटावर ठिवलं. आणि भक्ती बघा माझी! वरनं लावून माझं समाधान हुईना. त्या फ्लॉपीला एक पत्रा असतोय सरकणारा, तो सरकवला, आत काळं चकचकीत दिसतंय, म्हटलं खरं हत्यार हे. त्याच्यावर ओढली की तीन बोटं. नमस्कार केला. हे देवा, पास कर.

मग संध्याकाळी हापिसात लावून बघितली तर मशीन नुसतं करकर करतंय. आत कायच न्हाय. पुसून बघितलं, फुंकून बघितलं. हापिसातल्या मशीनवरचं? ते कारकुनानं जागा मोकळी करतो म्हणून आदल्या आठवड्यात पुसलंतं. मी तिथंच बसलो. पोरं सुट्टीला घरी गेलेली, बोर्डिंग मोकळं, सर गावाला. कुणाला सांगू? आणि सांगू काय, देवाचा अंगारा लावला म्हणून देवानं पुसून टाकलं?

दसऱ्याच्या सकाळी आसिफभाईच्या घरी गेलो. पयल्यांदाच. दार वाजवायच्या आधी दोनदा माघारी फिरलो. त्यानं फ्लॉपी हातात घेतली, उजेडात धरली, पत्रा सरकवला, आणि बघतच ऱ्हायला. म्हणाला, पावणं, हे काय हाय? मी म्हटलं विभूती. तो म्हणाला, आतनं? मी म्हटलं व्हय. मला वाटलं आता गल्ली गोळा करतोय. तर हसला न्हाय. आत जाऊन शर्ट घातला, बायकोला म्हणाला मी येतो, आणि किल्ली घेतली. कागद हाय न्हवं छापलेला? मग चल की, बोंबलत काय उभारलाईस.

केंद्र बंद, आम्ही दोघंच. भाईर नवी कापडं घालून माणसं सोनं लुटायला दसरा चौकाकडं चाललेली, पोरांच्या पिपाण्या ऐकू येत होत्या. तो माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसला. कागद त्याच्या हातात, मशीन माझ्या. तो वाचायचा, मी टाईप करायचा. कॉमा. बारका कंस. बारका कंस बंद. अरं मोठा न्हवं, बारका! हे लिवलंय कुणी? मी म्हटलं मीच. मग चुकतंय कसं तुझं तुला? मी म्हटलं, घाबरलोय. तो म्हणाला, घाबर, खरं बघून घाबर. आणि दुपारी उन्हं कलली तवा मशीन एकदाचं बरोबर चाललं. त्यानं दोन फ्लॉप्या भरून दिल्या, म्हणाला, एक तुला, एक माझ्याकडं ठिवतो, तुझा काय भरवसा न्हाय, तुझा देव लई पॉवरफुल दिसतोय.

तुम्हाला सांगतो, एवढ्या वर्षात शिकताना माझ्या शेजारी कोण बसलं असंल तर तो एक दिवस. परीक्षकानं दुसऱ्या दिवशी काय इचारलं, मी काय सांगितलं, आठवत न्हाय. पास झालो. ते कंस आठवतात.

पदवी टपालानं आली. तवर आसिफभाई दुबईला गेलता, दुरुस्तीच्या कामावर. अव्वाला फोन केला, ती म्हणाली, मग आता घरी येणार न्हवं? तिकडं गेलो तर भावाची पोरं म्हणत्यात मराठी काका आला, माझी कन्नडबी आता मोडली. अव्वा गेल्यावर गावाला जाणंबी कमी झालं. इथं हापिसात खुर्ची मिळाली, पोरांचे दाखले, खाडे, सगळं मी बघतो. कणकीला नवा माणूस हाय, खरं त्याचा हात बसला न्हाय अजून, म्हणून मळून देतो. तक्रार न्हाय माझी. ज्यांनी ज्यांनी केलं त्यांचं भलं हू दे, सरांचं, आसिफभाईचं, त्याच्या लेकराबाळांचं. गावानं मला ठिवून घेतलं, आणिक काय पायजे.

पोरांची पंगत आत्ता उठंल. मग मी बसतो, मागच्या खोलीत, एकटाच असतोय रोज. आज तुम्ही हाईसा. लिवायचं झालं न्हवं? मग ठिवा ती वही, हात धुवा. ताटं दोन घेतो.