सासूबाईंची साक्ष

१२ जानेवारी १९९४, हवा गार आणि कोरडी. अमळनेरला निघालेल्या सासूबाईंना सोडायला मी बायकोसह स्टेशनवर रिक्षा थांबवली. हवालदाराने नो पार्किंगची पावती फाडली, वर लायसन्सही ठेवून घेतलं. आता उद्या धंदा बंद. सासूबाई चिडून माझ्यासोबत चौकीत आल्या.

"साहेब, नुसतं उतरवलं. एकच मिनिट," मी म्हणालो.

साहेबांनी सासूबाईंनाच विचारलं, "माँजी, सच बोलो, रिक्षा कितनी देर खडी थी?"

"जावई खोटं बोलत नाहीत. उतरायला एकच मिनिट. मग लेकीची ओटी भरायची राहिली होती, ती रिक्षातच भरली. नारळ पिशवीच्या तळाशी! तरी वीस मिनिटांत उरकलं."

साहेब हसतच सुटले.

दंड पूर्ण भरला, लायसन्स मिळालं. तोवर अमळनेरची गाडी निघून गेली. सासूबाई आणखी आठ दिवस राहिल्या.