नणंदेचा फोन, सुनावणीच्या आदल्या दिवशी

"हॅलो?… कोण, बर्नी?… हं. बोल."

डार्लीनने फोन कान आणि खांद्यात दाबून धरला. हात पिठाचे होते. टेबलापलीकडे तिच्या सासूबाई ॲग्नेस पिएरोगीच्या, म्हणजे उकडून करायच्या पोलिश करंज्यांच्या, पाऱ्यांत बटाट्याचं सारण भरून कडा दाबत बसल्या होत्या. मुलीचं नाव ऐकूनही त्यांनी मान वर केली नाही.

"हो, उद्याच… नाही, कचेरीत नाही बोलावत, फोनवरच होते सुनावणी. तुलाही पत्र आलंय ना?… मग मला कशाला विचारतेस?"

नदीकाठच्या त्या गावात डार्लीनने बारा वर्षं नणंदेच्या पार्लरमध्ये लोकांचे केस कापले होते. या वर्षी बर्नीची लेक क्रिस्टा ते काम शिकून आली आणि डार्लीनचे आठवड्यातले कामाचे दिवस पाचाचे दोन झाले. तिने बेकारी भत्त्याचा अर्ज केला. चार आठवडे पैसे आले. मग बर्नीने सरकारला कळवलं, ही बाई माझ्याकडे नोकरीला कधी नव्हतीच, तिचा धंदा तिचा. भत्ता बंद झाला. डार्लीनने अपील केलं.

"काय सांगणार म्हणजे? घडलं ते सांगणार… नाही, बर्नी. तुझ्या पार्लरमधली खुर्ची मी भाड्याने घेतली नव्हती… अगं ऐक ना. भाडेकरू भाडं देतो. मी तुला कधी दिलं? उलट दर शुक्रवारी तूच माझ्या हातावर पगार ठेवायचीस… कागदावर असेल. कर वाचवायला तू 'स्वतंत्र कारागीर' लिहिलंस आणि मी घरचंच माणूस म्हणून सही केली. चुकलंच माझं…

"स्वतंत्र?… टेडला जाऊन वर्ष झालं, त्या प्रार्थनेला सुट्टी मागितली तर काय म्हणाली होतीस? शनिवारी गिऱ्हाईक असतं, रविवारी जा चर्चला. माझ्या नवऱ्याची, तुझ्या सख्ख्या भावाची प्रार्थना होती ती… नाही, उकरून काढत नाहीये. इतकंच विचारते, जिचा धंदा तिचा, तिला सुट्टी मागावी लागते का?…

"फुकट कसं? दोन दिवस काम करते हे मी दर आठवड्याला कळवत होते. तेवढं वजा करूनच देतात. कामाचे दिवस कमी झाले तरी मिळतो तो भत्ता… मी नाही, सरकारने ठरवलंय."

पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं. डार्लीनने लाटणं बाजूला ठेवलं.

"तीन दिवस?… काल दोन जड जात होते तुला… आणि अपील मागे घेतल्यावर? नाताळ उरकला की परत क्रिस्टा… नको. गोड बोलू नकोस बर्नी, मला सवय नाही त्याची…

"हं… हो, कळतंय. पार्लरमधल्या सगळ्या पोरींचे कागद उघडतील. दंडही होईल… माझ्यामुळे? कागद मी लिहिले होते का?… दुकान बुडेल म्हणतेस. महिनाभर बाकीच्या खोल्यांचं हीटिंग बंद करून आम्ही दोघी या स्वयंपाकघरात बसतोय. तुझ्या आईला ब्लँकेट गुंडाळून बसवते मी. तेव्हा नाही आठवलं कुणाचं काय बुडतंय ते…"

मग तिचा आवाज खाली आला.

"…हो. आहे साक्षीदार… हो, आईच… मी नाही सांगितलं त्यांना. त्या स्वतःहून म्हणाल्या… इतकी वर्षं तुझ्या गल्ल्याशेजारी बसून त्या फोन घेत होत्या. दिसत नव्हतं का त्यांना, कोण कुणाला हुकूम सोडतंय?… काय म्हणालीस? त्यांना भ्रम झालाय?… परत बोलू नकोस असं. खबरदार… घेऊन जाशील? कुठे, त्या वृद्धाश्रमात?… मागच्या हिवाळ्यात पडल्या तेव्हा उचलायला आली होतीस का?…"

ॲग्नेसबाईंनी एप्रनला हात पुसले आणि एक हात पुढे केला.

"थांब. आईंना फोन हवाय."

म्हातारीने फोन दोन्ही हातांत धरला.

"बर्नाडेट, मी बोलतेय… ऐकलं सगळं. तुझा आवाज इथवर येत होता… नाही, मला कुणी पढवलेलं नाही… रडू नकोस, नीट बोल… हो, माझीच लेक आहेस. म्हणूनच सांगते. पोलादाचा कारखाना बंद पडला तेव्हा तू शाळेत जायला लागली होतीस. तुझे बाबा मान खाली घालून या भत्त्याच्या रांगेत उभे राहायचे. त्या पैशांवर आपली चूल पेटायची. कारखान्याने तेव्हा लिहून दिलं असतं, हा माणूस आमच्याकडे कामाला नव्हताच, तर मी तुम्हा दोघांना काय खाऊ घातलं असतं?… नाही. ते वेगळं नव्हतं… बर्नाडेट?… हॅलो?… हॅलो?"

त्यांनी फोन कानापासून दूर धरून पाहिला.

"ठेवला तिने."

डार्लीनने फोन घेतला. ॲग्नेसबाईंनी पुढची पारी उचलली, सारण ठेवलं, पण कडा न दाबताच विचारलं,

"दुकान खरंच बंद पडेल का गं तिचं?"

"माहीत नाही, आई. पडेलही."

म्हातारीने हातातल्या उघड्या पारीच्या कडा दाबून ती ताटात ठेवली.

"बरं," ती म्हणाली. "तरी बोलेन. सकाळी फोन माझ्याजवळ ठेव."