पान सरकवण्याचे माहितीपत्रक

बेंगळुरूच्या एका दर्शिनीत, म्हणजे उभ्याने खाण्याच्या उपाहारगृहात, कॉफीच्या रांगेत उभा असता, माझ्यापुढील शेषगिरीसाहेब व त्यांच्या हाताखालील भार्गवी यांचे पुढील संभाषण माझ्या कानी आले.

"सर, माहितीपत्रक मंजूर करा ना! दोनची हासनची बस आहे, बहिणीचा साखरपुडा आहे."

"कसं करू? एआयने माऊसने पान कसं सरकवायचं, एवढंच लिहिलंयस. थांबायचं कुठे? ते यंत्र आहे गं. सांगितलं नाही तर सरकवतच बसेल!"

"लिहिलंय, सर."

"कुठे? दोनदा वाचलं मी, अक्षरन् अक्षर. हा बघ मोबाईल. 'आकडा मोठा, तर पान जास्त सरकेल.' संपलं!"

"सर, जरा बोटाने खाली सरकवा."

"अरेच्चा! अजून दोन पानं आहेत की!"

"यंत्राने सरकवलं असतं, सर."

"...बस कितीची म्हणालीस?"